आधी दारू, मग मन?

"आधी दारू सोड, मग बाकीचं बघू." पोलीस शिपाई असो, फायरमन असो की ॲम्ब्युलन्सवरचा चालक, व्यसनात पुरता अडकला की हे वाक्य त्याला चहूकडून ऐकावं लागतं. ठाण्यातले साहेब दरडावून सांगतात, बायको हात जोडून सांगते. व्यसनमुक्तीच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला समुपदेशक तेच शांतपणे सांगतो आणि त्याच्या सांगण्यामागे शेकडो रुग्णांचा अनुभव असतो. म्हणजे हे मत काही मूर्खांचं नाही. तरीही मृत्यू हाताळणं हेच ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांच्या बाबतीत ते चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईतल्या ट्रॉम्ब्याकडे पाहिलं तर ही माणसं कोण, हे चटकन कळतं. भाभा अणुसंशोधन केंद्र, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, आरसीएफचा खत कारखाना, टाटांचं औष्णिक वीज केंद्र. त्यांना खेटून चिता कॅम्प, मानखुर्द आणि गोवंडीच्या दाट वस्त्या. बाजूने सायन-पनवेल रस्ता, हार्बर लाइन आणि खाडी. 8 ऑगस्ट 2018 च्या दुपारी माहुलला भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर प्लांटमध्ये स्फोट झाला आणि चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. असं काही घडलं की अग्निशमन दलाचे बंब टीव्हीवर दिसतात. एरवी या माणसांचं काम कुणाला दिसत नाही.

गोवंडी-मानखुर्ददरम्यान रुळांवर कुणी कापलं गेलं की स्टेशन मास्तर मेमो काढतो. लोहमार्ग पोलिसांचा शिपाई आणि हमाल स्ट्रेचर घेऊन खडीतून चालत जातात. एक गाडी गेली की दुसरी यायच्या आत उरकायचं. जे सापडेल ते चादरीत गोळा करायचं, खिसे तपासायचे, पास, पाकीट, घड्याळ यांची पंचनाम्यासाठी नोंद करायची. तेवढ्यात मयताच्या खिशातला मोबाइल वाजतो. पडद्यावर 'घर' असं आलेलं असतं, नाहीतर 'आई'. तो फोन शिपायालाच उचलावा लागतो. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. म्हणजे हे काम या शहरात रोज सरासरी सहा-सात वेळा कुणीतरी करत असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर येत असतं.

आता पूर्वपक्ष. तो लंगडा करून मांडायचा आणि मग पाडायचा, हा खंडनाचा धर्म नव्हे.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा वैद्यकीय आहे आणि तो निर्विवाद आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. काहींना भिंतीवरून किडे चालताना दिसतात, कुणी नसताना आवाज ऐकू येतात. यातला गंभीर प्रकार जीवही घेतो. त्या वेळी दवाखाना लागतो, थायमिन लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शामक औषधं लागतात. जुन्या आठवणी उकरण्याची ती वेळ नव्हेच.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. व्यसनी माणूस निमित्तं शोधण्यात पटाईत असतो. त्याच्या हाती 'मला आघात झालाय' असं भारदस्त निमित्त दिलंत, तर तो आयुष्यभर त्याच्याआड पीत राहील. शिवाय त्याच ठाण्यात, त्याच बंबावर तेच पाहिलेले दहा जण आहेत, ते कुठे पितात?

तिसरा मुद्दा पुराव्याचा आणि मला विचाराल तर सगळ्यांत वजनदार. 1995 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला सरकारी इमारत बॉम्बने उडवली गेली. कॅरोल नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राबलेल्या 181 अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात घर करून बसणारा आजार, त्यांच्यापैकी सुमारे 13 टक्के लोकांत आढळला. दारूचा विकार आयुष्यात कधी ना कधी झालेले मात्र जवळजवळ निम्मे निघाले आणि त्यातल्या बहुतेकांचं पिणं स्फोटाच्या आधीपासूनचं होतं. मग दारूचं खापर आघातावर कसं फोडणार? पिणारा आधीच पीत होता, स्फोटाने त्याला फक्त कारण पुरवलं.

इथेच थांबलं तर साहेब, बायको आणि समुपदेशक तिघंही बरोबर ठरतात. पण ओक्लाहोमाच्या त्या आकड्यांत 'आधीपासून' म्हणजे नेमकं कधीपासून, हे विचारायचं राहून जातं. ज्यांच्या मुलाखती झाल्या ते काही परवा भरती झालेले नव्हते. स्फोटाच्या आधीही ते जळलेल्या घरांतून मुलं बाहेर काढत होते, चेंगरलेल्या मोटारींचे पत्रे कापत होते. अभ्यासाने मोजली ती एका घटनेच्या आधीची आणि नंतरची दारू. पहिल्या प्रेताच्या आधीची आणि नंतरची कुणी मोजली नाही. सामान्य नागरिकाच्या आयुष्यात आघात एखादा असतो, त्याला तारीख असते. पंधरा वर्षं लोहमार्गावर काढलेल्या शिपायाच्या आघाताला कुठली तारीख लावणार? त्याच्याकडे 26 नोव्हेंबर नसतो, साधे मंगळवार-बुधवार असतात. एका मोठ्या घटनेने पिणं सुरू झालं नाही, एवढंच त्या अभ्यासातून सिद्ध होतं. नोकरीने सुरू झालं नाही, हे सिद्ध होत नाही.

बाकीचे दहा जण पीत नाहीत, या मुद्द्याचं उत्तर छोटं आहे. एकाच साथीत सगळे आजारी पडत नाहीत, म्हणून आजारी पडलेल्याचा आजार खोटा ठरत नाही. आणि ते दहा जण रात्री कसे झोपतात, हे कुणी विचारलंय?

झोपेपाशी जरा थांबायला हवं, कारण 'आधी-मग'चा क्रम कोसळतो तो इथेच. ज्या झोपेत स्वप्नं पडतात, तिला दारू रात्रीच्या पूर्वार्धात दाबून ठेवते. पुन्हा पुन्हा तोच चेहरा, तोच वास, तीच फोनची रिंग घेऊन येणाऱ्या स्वप्नांवर पिणाऱ्याला सापडलेला हा उपाय असतो. वाईट, महाग, लिव्हर खाणारा, पण त्याच रात्रीपुरता गुण देणारा. एडवर्ड खान्झियन या मानसोपचारतज्ज्ञाने 1985 मध्ये हाच विचार मांडला होता की व्यसनी माणूस पुष्कळदा स्वतःवर चुकीचं औषध चालवत असतो. आता हा माणूस केंद्रात दाखल झाला, दारू सुटली. दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळी मारून परत येते आणि तिच्याबरोबर तो चेहराही, पूर्वीपेक्षा ठळक होऊन. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला सांगतो, "ते नंतर बोलू, आत्ता फक्त सोबर राहा." त्याच्यापुढचा हिशोब सोपा असतो. समोर रोजची रात्र आहे आणि तिच्यावर चालणारं एकच औषध त्याला माहीत आहे. घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो पितो. साहेब म्हणतात, "सांगितलं होतं ना, हा सुधारणारा नाही."

जखम उघडली तर पिणं वाढेल, ही भीती मात्र खरी होती आणि ती तपासून पाहणं गरजेचं होतं. ते काम ऑस्ट्रेलियात झालं. कॅथरीन मिल्स आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी आणि व्यसन दोन्ही असलेल्या 103 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यासोबतच आघातावरचे उपचारही मिळाले, तेही व्यसन पूर्ण सुटायची वाट न पाहता. नऊ महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या आघाताच्या खुणा जास्त कमी झालेल्या दिसल्या. व्यसनाच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही. हा निकाल फुगवून सांगायचं कारण नाही. आघात बरा केला की दारू आपोआप सुटते, असं त्यातून निघत नाही. शिवाय ते रुग्ण फायरमन नव्हते आणि अर्धवट सोडून जाणारे अशा उपचारांत नेहमीच बरेच असतात. पण दोन्ही एकदम हाती घेतल्याने व्यसन बिघडत नाही, एवढं दिसलं. 'आधी-मग' म्हणणाऱ्या क्रमवाद्यांची सगळी इमारत उभी होती ती बिघडेल या एका गृहीतावर.

उपचार म्हणजे नक्की काय करतात, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे 'समुपदेशन' म्हटलं की चहा पाजून धीर देणं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत माणूस प्रशिक्षित उपचारकापुढे ती एक घटना वर्तमानकाळात, तपशिलांसह, पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग घरी जाऊन ऐकतो. जे टाळत आला त्याच्याजवळ पायरीपायरीने जातो. फोनची रिंग वाजली की ज्याच्या छातीत धडधडतं, त्याने आधी ती रिंग बसल्या जागी ऐकायची, मग घरात, मग फलाटावर. आठवण पुसली जात नाही, पण तिचा फणा खाली बसतो. हे कष्टाचं काम आहे, आठवड्यांचं आहे आणि झिंगलेल्या माणसाकडून ते होत नाही, हेही कबूल. म्हणून डिटॉक्स, म्हणजे देखरेखीखाली दारू तोडणं, आधी, यावर वाद नाहीच. डिटॉक्स आठ-दहा दिवसांचा असतो. वाद आहे तो अकराव्या दिवसाचा. क्रमवादी त्या दिवशी म्हणतात, "सहा महिने थांबा." मी म्हणतो, त्या दिवशी सुरुवात करा.

इथवर वाचून कुणाला वाटेल, लेखकाला प्रत्येक दुर्घटनेनंतर समुपदेशकांची गाडी हवी आहे. तसं मुळीच नाही. त्या फॅशनचाही समाचार घेणं भाग आहे. 1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवांसाठी एक पद्धत मांडली: घटनेनंतर काही दिवसांतच सगळ्या चमूला एकत्र बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायचं. ऐकायला किती शहाणपणाचं! जगभरच्या दलांनी ती उचलली. पुढे घटनेनंतरच्या अशा एकाच बैठकीवर नीट चाचण्या झाल्या. त्या फायरमनांच्या चमूंवर नव्हे, तर बहुतेक अपघातात किंवा जळिताच्या घटनेत सापडलेल्या एकट्यादुकट्या माणसांवर. त्यांचा 2002 चा कॉक्रेन आढावा सांगतो की एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही आणि एका चाचणीत तर बोलायला लावलेल्यांची अवस्था वर्षभरानंतर न बोललेल्यांपेक्षा वाईट निघाली. म्हणजे सगळ्यांना लगेच बोलतं करणं जितकं निरुपयोगी, तितकंच आजारी पडलेल्याला गप्प बसवणं घातक. आपल्याकडे पहिलं शिबिर म्हणून होतं, फोटोसकट, आणि दुसरं नियम म्हणून.

   

शिस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांना उत्तर वेगळं द्यावं लागतं, कारण त्यांचा आधार वैद्यकाचा नसून नियमांचा आहे. हजेरीला तोंडाला वास आला, मेडिकलला पाठवलं, अहवाल आला, निलंबन झालं. शिक्षा देण्यासाठी 1956 सालचे पोलीस शिक्षा व अपील नियम आहेतच. बंदूक हाती असलेला माणूस पिऊन ड्युटीवर आला तर त्याला बाजूला करायलाच हवं. यात मला कसलीही भूतदया दाखवायची नाही. पण कायदा 1956 वर थांबलेला नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरतो. आणि 17 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात एक मोठी गोष्ट सांगितली. धारिवाल हे केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांच्या मानसिक आजारातून घडलेल्या वर्तनाबद्दल त्यांच्यावर खात्याची चौकशी लावली होती. न्यायालयाने ती रद्द केली. मानसिक विकलांगता असलेल्या माणसावर अशी कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे आणि त्या वर्तनामागे विकलांगता हे एकमेव नव्हे, अनेकांतलं एक कारण असलं तरी पुरे, असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं. शस्त्राशिवायचं दुसरं काम देता येईल, पण पगार आणि सेवाशर्ती कमी करता येणार नाहीत.

हा निकाल ढाल म्हणून कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे नीट पाहावं. नुसतं व्यसन म्हणजे विकलांगता नव्हे, त्यामुळे प्रत्येक पिणाऱ्या शिपायाला हे कवच मिळत नाही. केंद्राने निमलष्करी दलांतल्या लढाऊ पदांना, विकलांगांना नोकरीतल्या भेदभावापासून वाचवणाऱ्या कलमातून सूटही दिली आहे. पण वर्तनाआड आजार आहे का, हे आधी पाहा आणि मग शिक्षेचं बोला, हा क्रम देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लावून दिला. आपल्या ठाण्यांतला क्रम अजून उलटाच आहे. परिणाम असा की शिपाई आजार लपवतो, सिक रिपोर्टमध्ये पाठदुखी लिहून आणतो आणि खासगीत पीत राहतो.

1981 पासून वांद्र्यात फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन आणि 1986 पासून पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण, यांनी व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राच्या गळी उतरवलं. माझा वाद त्या कामाशी नाही. ते काम झालं नसतं तर हा वाद घालायला जागाच नव्हती. पण चाळीस वर्षांनंतरही पोहोच किती, ते बघा. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकाला कसला तरी उपचार मिळतो. त्या एकालाही आपण अर्धाच उपचार देणार?

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली साधी गोष्ट: वेळ. आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला उपचारकापुढे बसायचं तर ड्युटी कधी सुटेल हे माहीत असावं लागतं. बारा तासांची ड्युटी आणि वर बंदोबस्त असलेल्या माणसाला कुठला उपचार पुरा करता येईल? याचं उत्तर ट्रॉम्ब्याच्या शेजारीच सापडलं होतं. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा स्वतः मांडला, आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढे ठेवला आणि मे 2016 मध्ये तो देवनारलाच प्रयोग म्हणून सुरू झाला. जानेवारी 2018 मध्ये शहरभरच्या पोलीस ठाण्यांना लागू झाला. मनुष्यबळाच्या ओढाताणीत पुढे तो डळमळला, ही गोष्ट वेगळी. पण जमत नाही असं म्हणायची सोय त्याने कायमची बंद केली. मनोविकारावरचा लेख ड्युटीच्या तासांवर घसरला असं कुणी म्हणेल. माझ्या मते घसरलेला नाही. झोप न मिळालेल्या माणसावर ना दारूचा उपचार लागू पडतो, ना आघाताचा.

क्रमवादाचा सगळ्यांत वाईट फटका बसतो तो गणवेश नसलेल्यांना. स्ट्रेचर उचलणारा हमाल. वाशीच्या खाडीपुलावरून कुणी उडी घेतली की होडी घालणारा कोळी. शवविच्छेदनाच्या खोलीतला कामगार, ज्याच्याबद्दल 'प्यायल्याशिवाय ते काम होतच नाही' असं डॉक्टरसुद्धा सहज बोलून जातात. हे वाक्य एकदा नीट ऐका. या कामाने माणूस प्यायला लागतो, हे इथे सगळ्यांना मान्य आहे; इतकं मान्य की त्याबद्दल काही करावं असं कुणाला वाटत नाही. शिपायाच्या बाबतीत कार्यकारणभाव नाकारायचा आणि या कामगाराच्या बाबतीत तो गृहीत धरून सोडून द्यायचा, अशी ही दुतोंडी भूमिका आहे. नाकारण्यात आणि गृहीत धरण्यात एक गोष्ट मात्र सारखी: उपचार दोघांनाही नाही.

काय करावं, हे सांगायला फार जागा लागत नाही. व्यसनासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये. दाखल होताना त्याला झोपेबद्दल, स्वप्नांबद्दल, टाळलेल्या जागांबद्दल विचारलं जावं आणि उत्तर होकारार्थी असेल तर डिटॉक्स संपताच दोन्ही उपचार एकाच छताखाली सुरू व्हावेत. केंद्रातून परतल्यावर काही महिने त्याला पंचनाम्याच्या कामावर नेमू नये. आणि जो मेमोवर धावतो त्याला, मग त्याच्या अंगावर वर्दी असो वा नसो, हे दार उघडं असावं. ट्रॉम्बे आणि देवनारची पोलीस ठाणी, चेंबूर-देवनारची अग्निशमन केंद्रं, राजावाडी रुग्णालयाची शवविच्छेदनाची खोली आणि हार्बर लाइनचे हमाल, एवढ्यांपुरतं हे वर्षभर करून पाहायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. देवनारच्या प्रयोगाला तर एक कर्मचारी आणि त्याचं ऐकून घेणारा एक आयुक्त पुरला होता.